कमळचा हात

“पित्ताशय ही पिशवी आहे, मालन,” डॉक्टर पाठारे म्हणाले. “ती पोटातून उठून बाहेर फिरायला जात नाही. शोध.”

मालन शोधतच होती. टेबलावर आडव्या झालेल्या गुजराती बाईंचं पोट जेलीने चकाकत होतं आणि मालनच्या हातातला सोनोग्राफीचा प्रोब त्यांच्या उजव्या बरगडीखालून पुढे-मागे सरकत होता. काय दिसायला हवं ते तिला पाठ होतं. यकृताच्या खालच्या कडेला नासपतीच्या आकाराची काळी जागा. ती काळी का दिसते, हेही ठाऊक होतं. पित्त पातळ असतं, पातळ पदार्थातून ध्वनी सरळ निघून जातो, आणि जिथून काहीच परत येत नाही तिथे पडदा काळा राहतो. पण तिच्या पडद्यावर काळं काही नव्हतंच. कार्यक्रम संपल्यावर टीव्हीवर दिसतं तसं सगळं करडं, वळवळणारं.

“दुखे छे, बेन?” तिने विचारलं.

“ना. ठंडु छे,” बाई कसनुशा हसत म्हणाल्या.

“कमळ, तू बघ,” डॉक्टर म्हणाले.

कमळने पदराला हात पुसले आणि मालन उठायच्या आतच तिच्या हातातून प्रोब घेतला. “काकी, डाबे पडखे फरो ने जरा, डाव्या कुशीवर. हां, बस. आता मोठा श्वास घ्या. रोखा.”

प्रोब टेकला न टेकला तोच पडद्यावर काळी पिशवी येऊन उभी राहिली. तिच्या तळाशी एक पांढरा ठिपका होता आणि ठिपक्याखाली सरळ रेषेत सावली पडली होती.

“खडा,” कमळ म्हणाली. बसस्टॉपवर एखादीने “आली” म्हणावं तितक्या सहज.

“झकास!” डॉक्टर म्हणाले.

मालनशी ते कधी असं बोलत नसत. तिच्याशी ते बहुतेक इंग्रजीत, पुस्तकातल्यासारखं बोलत. भिंतीला टेकून ती कमळच्या मनगटाकडे बघत राहिली. प्रोब किती तिरका आहे, बोटं कुठे आहेत, करंगळी पोटाला टेकलेली आहे की उचललेली, हे तिने नीट बघून ठेवलं. पुढच्या पेशंटवर तिने तसंच्या तसं केलं. करंगळीसुद्धा टेकवली. पडदा करडाच राहिला.

घाटकोपरच्या पश्चिमेला, खाली कपड्याचं दुकान आणि वर पाठाऱ्यांचं सेंटर. सोनोग्राफीचं मशीन जपानहून आलं तेव्हा आसपासच्या डॉक्टरांपैकी अर्ध्यांना त्याचं काय करायचं ते माहीत नव्हतं. पाठाऱ्यांनी ते चालवायला दोन मुली घेतल्या. दोघी बी.एस्सी. मालन परबचं भौतिकशास्त्र, फर्स्ट क्लास. कमळ कोळीचं प्राणिशास्त्र, सेकंड क्लास, तोही जेमतेम. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, “शिकवीन दोघींना. पण मशीन एक आहे, त्यामुळे दिवाळीनंतर एकच राहील. दुसरीला मी चिठ्ठी देतो, कुठेही एक्स-रेला घेतील.”

एक्स-रेच्या कामात वाईट काही नव्हतं. पण मालनला ते नको होतं. समुद्राच्या तळाशी ध्वनी पाठवून खोली मोजतात, हे तिने शाळेत असताना वाचलं होतं आणि तेव्हापासून ती कल्पना तिच्या डोक्यातून गेली नव्हती. दिसत नाही तिथे आवाज पाठवायचा आणि तो किती वेळाने परत येतो यावरून चित्र काढायचं. आता तेच मशीन तिच्यापासून हातभर अंतरावर होतं. त्यातला स्फटिक विजेने कसा थरथरतो हे सेंटरमध्ये डॉक्टरांखालोखाल तिला एकटीला माहीत होतं. डॉक्टरांनी स्वतःच्या कपाटातलं जाड इंग्रजी पुस्तक तिला वाचायला दिलं होतं आणि ती ते भांडुपला घरी नेऊन, वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचत होती. मशीन तिचं होतं. फक्त ते तिचं ऐकत नव्हतं, ऐकत होतं ते कमळचं. ‘फ्रीक्वेन्सी’ म्हणजे काय असं विचारल्यावर जी पहिल्या दिवशी म्हणाली होती, “रेडिओवर असते ती?”

दुपारी दोघी मागच्या खोलीत डबा खात. सेंटरमधली आया सुंदराबाई त्याआधी दार लावून घेई आणि उदबत्ती पेटवी, कारण कमळच्या डब्यात बहुतेक वेळा मासळी असे.

“ताई, आज काय?” सुंदराबाई नाकाला पदर लावून विचारी.

“बोंबील. तळलेले. देऊ?”

“नगं बाई. बाहेर समद्या जैन बाया बसल्यात. एकीला वास गेला तर पोट तपासायचं सोडून जिन्यानं खाली पळतील.”

“पळू देत. रांग कमी होईल.” कमळने बोंबलाचा काटा काढला. “मालन, घे गो. तुमच्याकडं मालवणात खात नाय काय?”

“खातात,” मालन म्हणाली. तिने घेतला नाही. थोडा वेळ ती भात कालवत राहिली. मग म्हणाली, “कमळ, एक विचारू? हात फिरवताना तू नेमकं काय करतेस?”

“म्हणजे?”

“कोन किती ठेवतेस? सुरुवात कुठून करतेस?”

“कोन?” कमळ हसली. “मी काय कंपासपेटी घेऊन बसते काय? मी हाताकडं बघतच नाय. पडद्याकडं बघते. हात जातो.”

“कुठे जातो?”

“जातो तिथं जातो! काय गो तू, पोलिसासारखी.”

ती लपवते आहे, हे मालनला त्या क्षणी अगदी स्पष्ट वाटलं. कुणीही हातातली गोष्ट सहज सांगत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुली म्हणतात ना, माझं काहीच झालेलं नाही, तसंच.

तेव्हा मालनने स्वतःच शोध घ्यायचं ठरवलं. प्रयोगशाळेत करतात तसं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एक दिवस तिने बांगड्या काढून ठेवल्या. एक दिवस जेली आधी तळहातावर घेऊन कोमट केली. एक दिवस ती कमळसारखी पेशंटशी बोलली. “काय काकी, जेवण झालं का?” असं ती म्हणाली, तेव्हा सकाळपासून उपाशी ठेवलेल्या त्या काकींनी तिच्याकडे असं बघितलं की तिने जन्मात पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. मागे उभ्या असलेल्या कमळने तोंडात पदर कोंबला होता. मालनला तो दिसला. रात्री अंथरुणात पडल्यावरही तिला तो पदरच दिसत राहिला.

घरी तिने साबणाची नवी वडी प्रोबसारखी हातात धरली आणि आईला चटईवर आडवं केलं.

“आये, श्वास आत घे.”

“अगो, गुदगुल्यो होतत!” आई पाय आखडून हसायला लागली. “काय शोधतंस माझ्या पोटात? आता काय्येक नाय थंय. तुमी सगळी भायर इलास.”

“हलू नको. हे बघ, इथे यकृत. त्याच्या मागे किडनी.”

गिरणी बंद पडल्यापासून रात्रपाळीची वॉचमनकी करणारे तिचे वडील कोपऱ्यात डबा भरत होते. “चेडू डॉक्टर होतला बघ,” ते म्हणाले.

“आणि ती कोळणीची पोर?” आईने विचारलं. “ती पण साबण घेऊन बसता काय घरी?”

मालनने साबण उचलला. आईच्या कुशीवर गुलाबी रेघा उमटल्या होत्या. “तिला गरज नाही,” ती म्हणाली, आणि ते इतक्या कडूपणे म्हणाली की वडिलांनी डब्याचं झाकण लावता लावता वर बघितलं.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी डॉक्टरांना ठाण्याला व्याख्यान होतं. पेशंट दोघींनीच तपासायचे, महत्त्वाच्या ठिकाणी पडदा थांबवून फोटो काढायचे आणि ते टेबलावर ठेवायचे. संध्याकाळी येऊन डॉक्टर त्यावरून रिपोर्ट लिहीत. कमळ मशीनवर, मालन फोटोंवर, असं तेच सांगून गेले होते. त्याउलट का नाही, हे मालनने विचारलं नव्हतं.

बाहेर पेशंट पाणी पीत बसले होते. पोटाच्या खालच्या भागाची तपासणी मूत्राशय भरलेलं असेल तरच नीट होते, म्हणून डॉक्टरांनी तसा नियम केला होता, आणि सुंदराबाईने तो नियम जो येईल त्याला लावला होता. पोट वरचं असो की खालचं, आलं की माठाकडे बोट. बाथरूमला कुलूप. किल्ली तिच्या कमरेला. तपासणी झाल्याशिवाय किल्ली मिळत नसे.

त्या दिवशी दुपारी विजेचा दाब उतरला आणि मशीन बंद पडलं. बराच वेळ ते चालूच होईना. बाकावर विक्रोळीच्या एका शाळेतल्या शिक्षिका होत्या, वनमाला राऊळ. त्यांची पाठ दुखत होती, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी किडन्या बघायला पाठवलं होतं. त्या एकदा बसत होत्या, एकदा उभ्या राहत होत्या.

“बाई, किल्ली द्या हो. हात जोडते.”

“तपासणी झाल्याबिगर न्हाई. सायबांचा हुकूम हाय.”

“अहो, मी शाळेत पन्नास मुलं सांभाळते. पण आता मलाच…”

“मुलांना सांभाळता, मग हे बी सांभाळा,” सुंदराबाई म्हणाली, आणि बाकावरच्या बायका पोट धरून हसल्या. त्यातल्या दोघींना हसणंही सोसवेना.

वीज नीट आली तेव्हा वनमालाबाई जवळजवळ धावतच आत आल्या आणि पालथ्या झोपल्या. कमळने प्रोब पाठीला लावला. उजवी किडनी आली. मग डावी. कमळचा हात थांबला.

“मालन! इकडं ये. बघ गो.”

मालनने बघितलं. किडनीचा मधला भाग नेहमी पांढरा, मिटलेला असतो. इथे तो उघडला होता आणि आत काळं पाणी दिसत होतं. दोन्ही बाजूंना.

“सुजल्यात ना?” कमळने दबक्या आवाजात विचारलं. तिचे डोळे चमकत होते. इतक्या दिवसांत तिला खडे सापडले होते, गाठी सापडल्या होत्या, हे पहिल्यांदाच.

मालनला पुस्तकातलं ते पान दिसलं. उजव्या हाताचं पान, खालून दुसरा परिच्छेद. मूत्राशय फार भरलेलं असलं की पाणी मागे तुंबतं आणि निरोगी किडन्यासुद्धा सुजल्यासारख्या दिसतात. पेशंटला बाथरूमला पाठवा आणि पुन्हा बघा. वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं. इतकं सोपं वाक्य होतं. ‘जाऊन येऊ देत त्यांना, मग बघू.’ आणि त्याच वेळी तिला दिसलं, की ते म्हटल्यावर काय होईल. कमळ “अय्या, हो काय?” म्हणेल, वनमालाबाई जाऊन येतील, कमळ पुन्हा प्रोब ठेवेल, किडन्या पुन्हा पहिल्याच झटक्यात येतील, आणि संध्याकाळी टेबलावर कमळने शोधलेल्या किडन्यांचे सुंदर, बरोबर फोटो असतील.

“दिसतंय तर खरं तसं,” मालन म्हणाली.

ते खोटं नव्हतं. तिने शब्द निवडून वापरले होते.

कमळने पडदा थांबवला. मालनने फोटो घेतले. वनमालाबाई किल्ली घेऊन पळाल्या आणि थोड्या वेळाने बाहेरून टाकीचं पाणी सुटल्याचा आवाज आला. आता त्या परत येऊन झोपल्या असत्या तर सगळं नीट दिसलं असतं. मशीन चालू होतं. पुढचा पेशंट अजून आत आला नव्हता. मालन फडक्याने प्रोब पुसत उभी राहिली आणि तो पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

संध्याकाळी डॉक्टरांनी ते दोन फोटो दिव्यासमोर धरले. “हं. दोन्ही बाजूंना. पुढच्या तपासण्या करायला हव्यात.” त्यांनी रिपोर्ट लिहिला आणि सही केली. “शाब्बास, कमळ.”

मालनला त्या शाब्बासकीचं काही वाटलं नाही. गेल्या कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच. घरी ती दोन पोळ्या जास्त जेवली. पडल्या पडल्या तिने पुढचं सगळं मनाशी बघून घेतलं. कधीतरी ही बाई दुसरीकडे तपासायला जाईल, तिथे काहीच निघणार नाही, रिपोर्ट परत येईल, डॉक्टर विचारतील, आणि कमळचा चेहरा. त्या चित्रात डॉक्टर होते, कमळ होती, ती स्वतः होती. वनमालाबाई त्यात नव्हत्या.

मंगळवारी सकाळी वनमालाबाई आल्या. बरोबर नवरा होता. बाईंनी केस विंचरले नव्हते. शनिवारी किल्लीसाठी सुंदराबाईशी हुज्जत घालणारी हीच ती बाई, हे ओळखायला मालनला क्षण लागला.

“डॉक्टरसाहेब,” नवरा उभ्या उभ्याच बोलायला लागला, “आमचे डॉक्टर म्हणतात मोठ्या हॉस्पिटलात दाखल करा. दोन्ही किडन्यांचं म्हणतात. एक असती तर एकीवर माणूस जगतो म्हणतात, पण दोन्ही म्हटल्यावर… ही दोन रात्री झोपलेली नाही. मुलीला हिने परवाच मुलुंडला आपल्या आईकडे पोचवलं.”

“ती लहान आहे,” वनमालाबाई म्हणाल्या. “सवय झालेली बरी, म्हणून.”

डॉक्टर रिपोर्ट उलगडत होते. कमळ पुढे झाली होती आणि फोटोकडे मान वाकवून बघत होती. आपण तीन दिवस मनात घोळवलेली वेळ हीच, हे मालनच्या लक्षात आलं. ती फार लवकर आली होती, आणि मनातल्या चित्रासारखी दिसत नव्हती.

“सर,” ती म्हणाली, “त्या दिवशी यांचं ब्लॅडर फार भरलेलं होतं. वीज गेली होती. रिकामं करून पुन्हा बघितलं नव्हतं.”

डॉक्टरांनी मान वर केली. मग फोटो पुन्हा दिव्यासमोर धरला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं एकदम ओघळून गेल्यासारखं झालं. “अरे देवा,” ते म्हणाले. “मी विचारायला हवं होतं. नुसत्या फोटोवर सही केली मी.” ते बाईंकडे वळले. “तुम्ही आधी बाथरूमला जाऊन या. सावकाश. मग आत या, आपण आत्ता बघू.”

कमळ मालनकडे बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. ती शनिवारचं आठवत होती.

बाई टेबलावर उताण्या झोपल्या तेव्हा डॉक्टर मालनला म्हणाले, “तुझ्या लक्षात आलं. तूच दाखव.”

मालन स्टुलावर बसली. स्टूल कमळच्या बेताने खाली होतं, तिने ते फिरवून वर घेतलं. जेली लावली. उजवी किडनी आली! थोडी चाचपडत, पण आली. पांढरा मध्य घट्ट मिटलेला, आत पाण्याचा थेंब नाही. “नॉर्मल,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच नवा वाटला. वनमालाबाईंचा नवरा दारात उभा होता. त्याने चौकटीला हात लावून कपाळाला लावला.

“डावी,” डॉक्टर म्हणाले.

तिने प्रोब डावीकडे नेला. करडं. थोडा वर. करडं. थोडा खाली. उजवीकडे यकृताची खिडकी असते, डावीकडे जठर आणि आतड्यातली हवा मध्ये येते, म्हणून डावी अवघड. हे तिने डॉक्टरांना एका दमात सांगितलं असतं. तिने प्रोब जोरात दाबला.

“सर, गॅस आहे.”

“गॅस सगळ्यांनाच असतो, मालन.”

“डावी नाहीये का?” वनमालाबाईंनी उशीवरून मान उचलून विचारलं.

“आहे. आहे हो,” मालन म्हणाली. तिच्या बोटांना घाम आला होता आणि प्रोब जेलीवरून निसटत होता. कोन, कोन, ती मनात म्हणत होती. दारातला नवरा एक पाऊल आत आला. डॉक्टरांनी घसा साफ केला. आता ते ‘कमळ, तू बघ’ म्हणणार, हे मालनला त्या घशाच्या आवाजावरून कळलं.

ते म्हणण्याआधीच कमळ आली. तिने प्रोब काढून घेतला नाही. मागून वाकून तिने आपला हात मालनच्या हातावर ठेवला. कोरडा, उबदार, बोटांच्या पेरांशी खरखरीत हात.

“दाबू नको,” ती हळूच म्हणाली. “तू दाबतेस म्हणून ती पळते. सैल सोड. मागं ये. अजून. थांब. थांब आता.”

आणि ती आली. पूर्ण, काठोकाठ स्पष्ट, सोललेल्या काजूसारखी वळलेली, आणि बाईंच्या श्वासाबरोबर हळूहळू वर-खाली होणारी. मालनच्याच हाताखाली. पण ती आणण्यात तिने काहीच केलं नव्हतं. कमळचा हात किती हलला, हे ती मोजायला गेली आणि तिला मोजता आलं नाही. जवळजवळ हललाच नव्हता. श्वास यायच्या आधी तो थोडा वाट बघत होता, श्वास आला की त्याच्याबरोबर जात होता, एवढंच. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. चोरण्यासारखंही काही नव्हतं. इतके दिवस ती ज्याचा मत्सर करत होती ते तिच्या त्वचेला लागून होतं, आणि तरी तिच्यात उतरत नव्हतं. हा हात असाच राहावा, उचलू नये, असं तिला वाटलं. मत्सरापेक्षा ते जास्त दुखलं.

“नॉर्मल,” डॉक्टर म्हणाले आणि पडदा थांबवला.

वनमालाबाई उठून बसल्या. आधी त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग पदर तोंडावर घेऊन रडल्या. “आता मुलुंडला जाऊ या,” त्या पदरातूनच म्हणाल्या. “आत्ताच.”

“रिपोर्ट घेऊन जा. नवा लिहून देतो,” डॉक्टर म्हणाले. दारात जाऊन ते थांबले. “मालन, शनिवारी तू आत होतीस ना?”

“हो, सर.”

“फोटो तूच घेतलेस.”

“हो.”

ते थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बरं,” आणि नवरा-बायकोच्या मागून केबिनमध्ये गेले. त्या दिवशीही नाही आणि नंतरही त्यांनी तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

खोलीत दोघीच उरल्या.

“मी तुला इच्यारलं होतं,” कमळ म्हणाली.

“हो.”

“तू म्हणालीस, दिसतंय तर खरं.”

“दिसत होतंच.”

कमळ हसली, पण ते हसू नेहमीचं नव्हतं. “काय बाई आहेस गो तू! वकील व्हायचं होतंस.” तिने टेबलावरची चादर ओढून सरळ केली. “ते पुस्तकात होतं ना?”

“हो.”

“सरांनी ते मला कधी दिलं नाय. मी मागितलं होतं एकदा. म्हणाले, तुला नाही गं जमायचं, फार इंग्लिश आहे. तुझ्याशी कसे बोलतात, माणसाशी बोलल्यासारखे. आनी मला? झकास! कुत्र्यानं चेंडू आणला की म्हणतात तसं. घरी जाऊन आयला काय सांगू? आज मला झकास म्हटलं?”

मालनने कधी हे त्या बाजूने बघितलंच नव्हतं.

“तुझ्या जागी मी असते ना,” कमळ म्हणाली, “तर मी पन गप बसले असते. खरं सांगते. एक दिवस बसले असते. पन ती बाई पोरीला सोडून आली गो. सवय व्हावी म्हणून.” मग तिने नाक पुसलं आणि दाराकडे वळली. “पुढची कोण आहे ती बघते. बाहेर रांग लागली असेल. सुंदराबाईनं अर्धा माठ पाजला असेल एव्हाना.”

दार लोटलं गेलं. बाहेरून कमळचा आवाज आला, “या मावशी, सावकाश, पळू नका, मशीन कुठं जात नाय,” आणि कुणीतरी हसलं.

मालनने प्रोबवरची जेली पुसली आणि तो खाचेत ठेवला. वायर कुणाच्या पायात येणार नाही अशी गुंडाळली. मग वाकून तिने स्टूल फिरवायला सुरुवात केली. ते थोडं करकरत खाली आलं. तिने तळहाताने दाबून बघितलं, अजून एक फेरा दिला. कमळच्या उंचीला ते बरोबर बसलं तेव्हा ती बाजूला सरली आणि भिंतीशी, फोटोंच्या जागेवर जाऊन उभी राहिली.